बर्चच्या लाकडाचा बोर्ड

मंगला खानझोडे हरली तेव्हा टाळ्या जरा जास्तच वेळ वाजल्या. निदान तिला तसं वाटलं. भोपाळच्या शिवाजी नगरातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये जमलेल्या बायकांपैकी निम्म्यांना कॅरममधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण समोर बसलेल्या अबोली देशकरने राणी घेतली, कव्हर केली आणि शेवटची पांढरी सोंगटी अलगद पॉकेटात पाडली, तशा सगळ्या उभ्या राहिल्या. मंगलानेही टाळ्या वाजवल्या. मग ती लगेच सोंगट्या डब्यात भरायला लागली. हातांना काहीतरी काम हवं होतं.

तो डबा, तो बोर्ड आणि एकूणच महिला विभागाचं कॅरम यावर आपला हक्क आहे, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. माहेर नागपूरचं, धंतोलीचं. तीन भाऊ. चौथा गडी कमी पडला की तिला बसवत आणि हरली की हाकलून देत, म्हणून तिने हरायचंच सोडून दिलं. सासरे छप्पन साली, राजधानी हलली तेव्हा, कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि इथलेच झाले. नवरा मनोहरही सरकारी नोकरीत, बिऱ्हाड तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये. मनोहर माणूस सरळ, पण कॅरम म्हणजे त्याच्या लेखी लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज. "झालं का तुझं ठकठक?" एवढंच तो विचारी. मुलीला, मृणालला, लहानपणी बोर्डापाशी बसवून पाहिलं, तर ती पावडरीने शिंकत सुटायची. आता ती पुण्याला नोकरी करते आणि फोनवर आईच्या गुडघ्यांची चौकशी करते.

अबोली ही कोटरा सुल्तानाबादच्या देशकरांची सून. मुलगी इंदूरची, बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. लग्न झालं त्या वर्षी हळदीकुंकवाला ती मंगलाकडे आली आणि कोपऱ्यात उभा करून ठेवलेला कॅरम बघून थबकली.

"काकू, ये गोटी इतनी सीधी कैसे मारते हैं?"

"आधी सोंगटी म्हण," मंगला म्हणाली. "मग सांगते."

त्यानंतर ती दुपारी दुपारी स्कूटीवरून तुलसी नगरला यायला लागली. मंगलाने तिला बोट कसं ठेवायचं इथपासून शिकवलं. अंगठ्याचा फटका, कट, समोरच्या फ्रेमवरून परत येणारा रिबाउंड, अडकलेली सोंगटी सोडवायची युक्ती, असं जे जे तीन भावांकडून हिसकावून घेतलं होतं, ते तिने या परक्या पोरीला ताटात वाढून दिलं. का, तर अबोली तिच्या हाताकडे टक लावून बघायची. इतक्या वर्षांत तिच्या हाताकडे तसं कुणी बघितलंच नव्हतं.

मग पोरगी पुढे गेली. मंगलाने कधी न शिकवलेले फटके मारायला लागली. "हा कुठून आणलास?" विचारलं तर म्हणायची, "मोबाइलवर बघितला." मंडळाची स्पर्धा जिंकल्यावर ती इंदूरला राज्याच्या स्पर्धेत खेळली आणि दुसरी आली. मंडळात तिचा सत्कार झाला. चिटणीस सोनल बक्षी माइकवरून म्हणाली, "आमची अबोली." मंगला पहिल्या रांगेत बसली होती. इतक्या वर्षांत आपल्याला कुणी 'आमची मंगला' म्हटल्याचं तिला आठवेना. घरी येऊन तिने पोळ्या लाटल्या, त्या नेहमीपेक्षा पातळ झाल्या. मनोहर म्हणाला, "आज छान झाल्यात."

सत्कारानंतर महिन्याभरात अबोलीच्या नवऱ्याने, निखिलने, तिच्यासाठी नवा बोर्ड मागवला. साधासुधा नाही, मोठ्या स्पर्धांत असतो तसा, बर्च या थंड देशातल्या झाडाच्या प्लायचा. मंडळातल्या चार-पाच जणी तो बघायला कोटऱ्याला गेल्या. त्यांच्यात मंगलाही होती, कारण गेली नसती तर लोकांच्या लक्षात आलं असतं.

बोर्ड दिवाणखान्यात खिडकीखाली मांडला होता. लाकूड फिकट, सायीच्या रंगाचं. कुठे गाठ नाही, रेघ नाही. अबोलीने तो कौतुकाने उलटा करून दाखवला. पाठीमागे निळ्या शाईत रशियन अक्षरांचा शिक्का होता.

"काकू, पहिला शॉट तुमचा," ती म्हणाली. "मी अजून कुणाला हात लावू दिला नाहीये."

मंगलाने स्ट्रायकर ठेवला आणि हलकीशी टिचकी मारली. एवढ्या टिचकीत तिच्या घरच्या बोर्डावर सोंगटी मधल्या वर्तुळाबाहेरही गेली नसती. इथे ती समोरच्या फ्रेमला लागली, परत आली आणि पाण्यावर पान तरंगावं तशी जाऊन तिच्या उजव्या हाताच्या पॉकेटात पडली. बायका हसल्या. असल्या बोर्डावर आपण विसाव्या वर्षी खेळलो असतो तर, हा एकच विचार मंगलाच्या डोक्यात होता. आणि त्याच्या मागोमाग दुसरा: निखिलला हे सुचलं, मनोहरला का नाही सुचलं?

"छान आहे," ती म्हणाली. "जपून वापर. दमट हवेत फुगतो."

पुढच्याच रविवारी तिचा भाचा, चुलत बहिणीचा मुलगा उदय, जेवायला आला. उदय भोपाळमध्येच एका प्रयोगशाळेत काम करायचा. परदेशातून येणाऱ्या धान्यात, दुधाच्या भुकटीत, कशाकशात किरणोत्सर्ग आहे का, हे तिथे मोजत. मंगलाच्या तोंडी त्या दिवशी बोर्डाशिवाय दुसरा विषय नव्हता. बोर्ड किती गुळगुळीत, किती दिखाऊ, आजकालच्या पोरींना सगळं कसं आयतं मिळतं.

"बर्चचा आहे का?" उदयने सहज विचारलं. "रशियाकडचा?"

"पाठीमागे शिक्का आहे तसा. का रे?"

"काही नाही. तिकडच्या लाकडाचे नमुनेही तपासतात कधी कधी. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात झाला ना, तेव्हा तिथल्या जंगलांवर किरणोत्सर्गी सीझियम पडलं. मुळांना ते पोटॅशियमसारखंच वाटतं, म्हणून झाड ते वर ओढून घेतं आणि लाकडात साठवून ठेवतं. अजूनही आहे."

"म्हणजे या बोर्डात ते असेल?"

"कुणास ठाऊक कुठल्या जंगलातला आहे तो. तिकडची जंगलं केवढाली. बहुतेक लाकडात काहीच नसतं, आणि असलं तरी इतकं कमी, की माणसाला त्याने काही होत नाही. वरण वाढ ना जरा."

मंगलाने वरण वाढलं. मग पुन्हा विचारलं, "पण असू शकतं."

"असू तर काहीही शकतं, मावशी."

हे शेवटचं वाक्य तिने उचललं आणि आधीचं तिथेच सोडून दिलं. भांडी घासताना, दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना ते तिच्या मनात खडीसाखरेसारखं विरघळत राहिलं. त्या सायीच्या रंगाच्या लाकडात आत कुठेतरी काहीतरी नासकं असू शकतं. विचार वाईट आहे हे तिला कळत होतं. गोडही लागत होता.

संक्रांतीच्या आधी मंडळात तिळाचे लाडू वळायला बायका जमल्या. अबोली आली नव्हती. सोनलने तिच्या बोर्डाचं कौतुक काढलं, म्हणाली, "मंडळालाही तसाच घेऊ या." मंगला पाकाकडे बघत म्हणाली, "घ्या की. फक्त लाकूड कुठलं आहे ते विचारून घ्या."

"म्हणजे?"

"मी काही म्हणत नाही. उदय म्हणाला तेवढं सांगते." आणि तिने सांगितलं. अपघात, जंगल, मुळं, लाकूड. उदयचं 'बहुतेक काहीच नसतं' तेवढं राहिलं.

लाडू डब्यात भरून होईपर्यंत गोष्ट हॉलभर झाली होती. आठवड्यात ती कोटऱ्याला पोचली, तीही पालटून: बोर्डात रेडिएशन आहे, खानझोडेंच्या भाच्याने सांगितलं, तो त्याच खात्यात आहे.

अबोलीच्या सासूबाई, कमलिनीबाई, एका दुपारी एकट्याच तुलसी नगरला आल्या. बारीक चणीच्या, चार पायऱ्या चढल्या की धाप लागणाऱ्या. खुर्चीत बसून श्वास जागेवर येईपर्यंत त्यांनी हातानेच मंगलाला थांबवून ठेवलं.

"मंगलाताई, खरं सांगा. भाचा म्हणाला ना तसं?"

"म्हणाला म्हणजे, लाकडात असू शकतं, असं म्हणाला."

"अबोलीला दिवस गेलेत. तिसरा संपत आलाय. कुणाला सांगितलं नव्हतं आम्ही." कमलिनीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आम्ही तेव्हा बजरियात राहत होतो, स्टेशनाजवळ. चौऱ्याऐंशीत गॅस सुटला, तेव्हा मला पाचवा होता. साहेब लोक म्हणाले, आता हवेत काही नाही, घरी जा. गेलो. आठवड्यात सगळं आटोपलं. निखिल त्यानंतर किती वर्षांनी झाला, ते माझं मला माहीत. म्हणून मला कुणी म्हटलं ना, की काही नाही, तर त्याचीच भीती वाटते."

अबोलीला दिवस गेलेत हे मंगलाला खरोखरच माहीत नव्हतं. उदयचं राहून गेलेलं अर्धं वाक्य अगदी ओठावर आलं. ते बोलून टाकलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण ते बोलायचं म्हणजे आपण ते आधी गाळलं होतं, हेही आलं. आणि शिवाय खिडकीखाली मांडलेला तो बोर्ड तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

"तपासून घेतलेलं बरं," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी बोर्ड जुन्या चादरीत गुंडाळून कोटऱ्याच्या घराच्या गच्चीवर गेला. अबोलीचा सराव बंद झाला. काही दिवसांनी ती इंदूरला माहेरी गेली.

उदयला सगळं कळलं तेव्हा तो मावशीवर चिडला नाही. "बहुतेक काहीच नसतं असं मी म्हणालो होतो, ते सांगितलंस का त्यांना?"

"लक्षात नाही राहिलं," मंगला म्हणाली.

तो तिला घेऊन कोटऱ्याला गेला. हातात धरायचं एक छोटं मोजयंत्र त्याने बरोबर घेतलं होतं. गच्चीवरून बोर्ड खाली आणला. यंत्र टिकटिक करायला लागलं. बोर्डावर धरलं, तेवढीच टिकटिक. भिंतीवर धरलं, तेवढीच. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर धरलं, तर थोडी जास्त.

"मग ओटा काढून टाकू का आता?" कमलिनीबाई म्हणाल्या.

"नाही हो काकू, दगडात असतंच थोडं. त्याने काही होत नाही."

"बोर्डात नाही असं लिहून द्याल?"

उदय खरं बोलणारा होता, आणि तिथेच पंचाईत झाली. "या यंत्राला अगदी थोडं असलं तर कळत नाही. नक्की सांगायचं तर लाकडाचा नमुना प्रयोगशाळेत रीतसर द्यावा लागेल. ओंजळभर तरी भुसा हवा."

शेजारच्या गल्लीतल्या सुताराला बोलावलं. त्याने बोर्ड उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, दोन रस्ते आहेत. पाठीमागून सगळीकडे हलका रंधा मारून भुसा गोळा करता येईल, त्याला अर्धा दिवस लागेल. नाहीतर फ्रेम उघडून एका कोपऱ्याचा तुकडा कापायचा आणि त्या जागी दुसऱ्या प्लायचा बसवायचा. ते आत्ता होईल.

उदय म्हणाला, "मला दोन्ही चालेल."

कमलिनीबाई मंगलाकडे वळल्या. "मंगलाताई, यातलं तुम्हालाच कळतं. काय करू?"

कमलिनीबाईंना, उदयला आणि सुताराला यातला फरक कळणं शक्यच नव्हतं. पाठीमागून रंधा मारला तर खेळायची बाजू जशीच्या तशी राहणार होती. कोपरा कापला, तर त्या पॉकेटापाशी जोड येणार, आणि जोड कितीही साफ बसवला तरी सोंगटीला तो कळतो. असा बोर्ड मग स्पर्धेच्या सरावाचा राहत नाही. हे त्या घरात एकट्या मंगलाला ठाऊक होतं. दुसरी जी ओळखू शकली असती, ती इंदूरला होती.

"कोपरा काढा," मंगला म्हणाली. "लवकर होईल."

सुताराने फ्रेमचे स्क्रू सोडले. करवत लाकडात शिरली तसा एक गोडसर, कोरडा वास सुटला. मंगला जवळ उभी राहून बघत होती. उजव्या हाताचं पॉकेट, जिथे तिने टिचकी मारलेली सोंगटी जाऊन पडली होती, तिथलंच लाकूड निघून आलं. तिला हलकं वाटलं. घरी पोचल्यावर मात्र तिला जेवण गेलं नाही. मनोहरला तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

निकाल यायला वेळ लागला. उदय तो सांगायला आधी मावशीकडेच आला.

"थोडं निघालं," तो म्हणाला.

मंगलाच्या मनाने उडी मारली. अगदी स्पष्ट, आनंदाची उडी होती ती. म्हणजे मी खोटं बोलले नव्हते, असं काहीतरी. उदय पुढे बोलत होता, आणि या वेळी तिने सगळं ऐकलं. जेमतेम मोजता येईल इतकंच आहे. आपल्या अंगातल्या पोटॅशियममधलंही थोडं किरण सोडत असतं, आणि किलोला किलो धरलं तर या लाकडापेक्षा तिच्या स्वतःच्या अंगात ते जास्त आहे. बोर्डावर खेळून बाळाला किंवा आईला काही होणं शक्य नाही.

"त्यांना मी समजावून सांगू?" उदयने विचारलं.

"नको. मी सांगते."

माता मंदिर, डिपो चौराहा करत ऑटो कोटऱ्याला पोचेपर्यंत तिने वाक्यं जुळवली होती. आधी 'काही धोका नाही' म्हणायचं, मग बाकीचं. पण दार उघडलं ते कमलिनीबाईंनी, आणि दारातच विचारलं, "निघालं की नाही?"

"निघालं, पण अगदी..."

"निघालं ना."

"ताई, ऐकून तर घ्या. आपल्या अंगातही त्याहून जास्त असतं. उदयने नीट सांगितलंय."

"आपल्या अंगात जे आहे ते देवाने घातलंय. हे कुणी घातलं?" कमलिनीबाई खाली बसल्या. "मला हा बोर्ड घरात नको. निखिलला सांगते, कुठेतरी लांब नेऊन टाक."

अबोली इंदूरहून परतली होती. ती आतल्या दारात उभी होती, चेहरा उतरलेला, केस तेल लावून घट्ट बांधलेले. बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला होता. ती पुढे आली आणि नव्या कोपऱ्याच्या जोडावरून तिने बोट फिरवलं. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग तिने मंगलाकडे बघितलं.

मंगलाला ते बघणं सहन होईना. "टाकू नका," ती घाईने म्हणाली. "मी नेते. माझ्या घरी राहू दे. माझ्याकडे राहिला की सगळ्यांना कळेल, त्यात भिण्यासारखं काही नाही."

"न्या," अबोली म्हणाली.

अशा रीतीने तो बोर्ड तुलसी नगरला आला. मनोहरने त्यावर तळहात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"काय करताय?"

"गरम लागतो का बघतोय."

पहिले काही दिवस मंगला दुपारभर एकटीच खेळली. कोपरा सोडला तर बोर्ड तसाच होता. सोंगटी पाण्यासारखी वाहायची. जोडापाशी मात्र ती किंचित अडखळायची आणि डावीकडे वळायची. मंगलाने ते अडखळणंही शिकून घेतलं. किती जोर लावला की सोंगटी वळत नाही, कुठून मारलं की वळूनच आत जाते, हे तिच्या बोटांना पाठ झालं. आयुष्यभर हवा होता तसा बोर्ड अखेर तिच्या खिडकीखाली होता.

मग महिन्याच्या भजनाची पाळी आली. मंगलाकडे ठरलं होतं. आदल्या दिवशी सोनलचा फोन आला, की या वेळी माझ्याकडे करू या, सगळ्यांना सोयीचं पडेल. पुढच्या वेळीही तेच. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली ती उंबऱ्याबाहेरच थांबली, नजर खिडकीकडे. मंगलाने मग स्वतःच विषय काढायला सुरुवात केली. भाजीवाल्यापाशी, देवळात, मंडळात भेटेल तिला ती सांगू लागली, की त्यात काही नाही, आपल्या अंगातसुद्धा त्याहून जास्त असतं. बायका मान डोलवत.

सोनल एकदा म्हणाली, "अहो, पण तुम्हीच तर सांगितलं होतंत आधी."

"अर्धंच सांगितलं होतं."

"ते कसं कळणार आम्हाला?" सोनल म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

जुलैत अबोलीला मुलगी झाली. अंगाने भरलेली, आवाजाची पक्की. बारशाचं बोलावणं कमलिनीबाईंनी फोनवर दिलं. "या, पण त्या बोर्डाला हात लावून येऊ नका." मंगला न्हाऊन, धुतलेली साडी नेसून गेली. पाळण्याशी बायकांची गर्दी होती. ती जवळ आली तशा दोघी-तिघी नकळत सरकल्या. सगळ्या अबोलीभोवती होत्या, मुलगी कुणासारखी दिसते यावर वाद चालला होता. इतकं सगळं एकाच माणसाला मिळावं, हे तेव्हाही मंगलाच्या मनात आलं, आणि आलं याची तिला लाज वाटली. अबोलीने तिला वाकून नमस्कार केला, सगळ्यांना केला तसाच.

दसरा होऊन गेल्यावर एका गुरुवारी दुपारी दाराबाहेर स्कूटी थांबली. अबोली हेल्मेट काढत आत आली. थोडी जाड झाली होती, डोळ्यांखाली जागरणं दिसत होती.

"बाळ?"

"सासूबाईंकडे. झोपलीय." ती उभीच राहिली. "काकू, एक विचारू? कोपरा का कापला?"

मंगलाच्या हातात निवडायची मेथी होती. तिने ती परातीत ठेवली.

"पीछे से निकल सकता था. उदयदादांना मी विचारलं. ते म्हणाले दोन्ही चाललं असतं. सुतारही तेच म्हणाला. सासूबाईंना कळत नाही. तुम्हाला कळत होतं."

"हो," मंगला म्हणाली. "मागून काढता आलं असतं."

"मग?"

या प्रश्नाचं उत्तर मंगलाने महिनोन्‌महिने मनात बरंच सजवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता कामाचं नव्हतं. "तो तुझा होता म्हणून," ती म्हणाली. "मला ते बघवत नव्हतं."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. अबोलीचे डोळे भरले, पण तिने ते पुसले नाहीत.

"माझ्या घरात कुणाला कॅरम येत नाही," ती शेवटी म्हणाली. "निखिल बोर्ड आणतो, फोटो काढतो. शॉट चुकला की का चुकला, ते फक्त तुम्हाला दिसतं. इंदूरच्या फायनलला मी हरले, तेव्हा फोन कुणाला करावासा वाटला असेल? केला नाही, कारण तुम्ही त्या दिवसांत माझ्याशी नीट बोलतच नव्हतात."

"मला वाटलं, तुला आता माझी गरज नाही."

"मैंने कभी बोला?"

मंगलाने मान हलवली.

"मी माफ केलंय असं समजू नका," अबोली म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली. "डिसेंबरात स्पर्धा आहे. मला सराव हवाय. बोर्ड माझा आहे. मांडा सोंगट्या."

त्या दिवशी मंगला सहज जिंकली. अबोलीचा हात वर्षभरात जड झाला होता, आणि त्या कोपऱ्यात तिची प्रत्येक सोंगटी अडखळून वळत होती. मंगलाची एकही वळली नाही. जिंकताना तिला जुना आनंद झाला, तो तिने लपवलाही नाही. अबोलीने पावडर झटकली आणि पुढच्या गुरुवारी येते म्हणाली. कमलिनीबाईंना तिने कुठे जाते ते सांगितलं होतं. त्यांनी दोन दिवस अबोला धरला आणि मग एवढंच सांगितलं, की आल्यावर अंघोळ केल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही. अबोलीने वाद घातला नाही. मंडळातल्या बायका अजूनही तुलसी नगरच्या त्या क्वार्टरमध्ये बसायला येत नाहीत.

तिसऱ्या का चौथ्या गुरुवारी अबोलीने तो कोपरा ओळखला. मंगलाने नऊ महिने घालवून जे बोटांत भरून घेतलं होतं, ते त्या पोरीने काही दुपारींत उचललं. एक काळी सोंगटी तिने जोडाच्या अगदी कडेवरून नेली, ती वळली आणि वळूनच आत पडली. मंगलाच्या मनात जुनी असूया उठली. यात काही बदल झालेला नव्हता. ती काही आता जाईल असंही तिला वाटेना.

अबोलीने पुढची सोंगटी मारली. ती पॉकेटाच्या तोंडाशी जाऊन थांबली. दुसऱ्या कुणाला ते नशीब वाटलं असतं. मंगलाला कारण दिसलं होतं. न सांगणं अगदी सोपं होतं.

"मनगट टेकवतेस तू," ती म्हणाली. "दमलीस की टेकवतेस. वर घे जरा."

अबोलीने मनगट उचललं. "असं?"

"अजून थोडं. हं. आता मार."